उएसाँ बेटावरची काळी मेंढी

उएसाँ बेटावर माझ्या धाकट्या भावाची कबर नाही. कधी नव्हतीही. नऊ वर्षांपूर्वी तिथून आल्यावर मी आमच्या डोंबिवलीतल्या मंडळाच्या गणपतीच्या स्मरणिकेत त्या प्रवासाबद्दल लिहिलं होतं. त्यात कबर होती, कबरीवर अरुणचं नाव होतं, पिंडाला शिवणारा कावळासुद्धा होता. ते वाचून बऱ्याच जणांच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता अरुणची मुलगी गौरी शिकायला फ्रान्सला निघाली आहे. जाताना घरच्या तुळशीतली माती कागदात बांधून नेणार आहे, वडिलांच्या कबरीवर घालायला. गेल्या आठवड्यात तिने ती पुडी मला दाखवली. म्हणून तोच प्रवास पुन्हा लिहितो आहे, या वेळी झाला तसा. लिहायला बसलं की पाठ दुखते, पण हे दुसऱ्या कुणाला सांगून लिहून घेण्यासारखं नाही.

अरुण मालवाहू जहाजावर इंजिनीयर होता. त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात, फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, याच उएसाँ बेटाजवळ, वादळात डेकवरून वाहून गेला. तारेत तो हरवला आहे असं होतं, गेला असं नव्हतं, आणि माझी भावजय सुमन त्या एका शब्दाला धरून राहिली. ती प्राथमिक शाळेत शिकवायची. मंगळसूत्र, कुंकू, केसांत फूल, काहीच तिने सोडलं नाही. हळदीकुंकवाला तिला बोलवावं की नाही हे कुणालाच कळेना. काही जणी बोलवायच्या आणि ऐन वाण देताना घुटमळायच्या.

आमची आई तेव्हा ऐंशीच्या पुढे होती. "माझ्या डोळ्यांदेखत त्याचं काहीतरी करा रे," एवढंच तिचं मागणं. देह मिळत नाही तेव्हा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. सुमन त्याला तयार नव्हती. "पुतळा जाळायचा, आणि उद्या हे दारात उभे राहिले तर मी काय सांगू?"

माझी मुलगी मीना तेव्हा नवऱ्याच्या संशोधनामुळे फ्रान्समध्ये रेनला राहत होती. तिने मला बोलावलं. माझी पत्नी त्याआधीच गेली होती. मी सुमनला म्हटलं, तूही चल, हवापालट होईल. खरा हेतू वेगळा होता. तो समुद्र एकदा तिने पाहिला की ती हट्ट सोडील, असं मला वाटत होतं. नव्वद सालची दिवाळी झाली, गौरीला आईजवळ ठेवलं आणि आम्ही निघालो.

रेन

ब्रतान्य हा फ्रान्सचा समुद्रात घुसलेला पश्चिमेकडचा भाग. इंग्रजीत ब्रिटनी म्हणतात. इथले लोक मूळचे केल्ट. समुद्रापलीकडच्या वेल्स आणि कॉर्नवॉलमधल्या लोकांशी त्यांचं जुनं नातं. भाषाही निराळी, ब्रेतों नावाची, पण शहरात ती कानावर पडत नाही. काही रस्त्यांच्या पाट्यांवर मात्र फ्रेंचखाली ती दिसायला लागली होती.

रेन हे या प्रांताचं मोठं शहर. जुन्या भागात लाकडी पट्ट्यांची, एकमेकांच्या अंगावर रेललेली घरं आहेत. मला ती बघून आणखीच दमल्यासारखं झालं. पाऊस पडतोय म्हणावं तर पडत नाही, थांबलाय म्हणावं तर कोट ओला. ठाण्याचा पाऊस निदान पडतो तेव्हा पडतो.

उएसाँला आम्ही तेरेझ नावाच्या आजीच्या घरी उतरणार होतो. मीनाने पत्र लिहून सोय केली होती. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून मी आणि सुमन बाजारात गेलो, तर सगळ्या फुलवाल्यांकडे शेवंती. पिवळी, पांढरी, जांभळी, कुंड्याच्या कुंड्या. सुमनला किती बरं वाटलं ते तिच्या चालण्यात दिसलं. आम्ही एक भरगच्च पिवळी कुंडी घेतली. त्यातलं एक फूल खुडून तिने तिथेच केसांत माळलं. फुलवाली बघतच राहिली.

घरी आल्यावर मीनाने कपाळाला हात लावला. "बाबा, ही फुलं इथे फक्त कबरीवर ठेवतात. आता पितरांचा सण येतोय, म्हणून बाजार भरलाय. ही कुणाच्या घरी नेलीत तर म्हणतील, आम्ही अजून जिवंत आहोत."

"आणि काकूच्या डोक्यात आहे ते?" मी विचारलं.

"ते काढ गं काकू, प्लीज."

"राहू दे," सुमन म्हणाली. "त्यांना वाटेल, भूत बाजार करतंय."

कुंडी टाकून देववेना. आम्ही ती बरोबर घेतली.

सँ-मालो आणि केंपेर

सँ-मालो हे तटबंदीतलं गाव. दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झालं होतं, ते दगडावर दगड ठेवून पुन्हा जुन्यासारखं उभं केलं. तिथली भरती-ओहोटी ऐकून माहीत होती, पण डोळ्यांना पटत नाही. सकाळी पाणी तटाला धडका देत होतं आणि दुपारी त्याच जागी माणसं कुत्री फिरवत होती. मी ठाण्यात खाडीजवळ वाढलो. ओहोटीला आमच्याकडे चिखल उघडा पडतो आणि कोळणी त्यात गुडघाभर उतरतात. इथे समुद्र जणू घर सोडून निघून जातो. सुमन तटावर बराच वेळ उभी होती.

"एवढं पाणी जातं कुठे?" तिने विचारलं.

"परत येतं संध्याकाळी," मीना म्हणाली.

"ते दिसतंच आहे," सुमन म्हणाली आणि पुढे चालू लागली.

केंपेर त्या मानाने प्रेमळ शहर. नदी, तिच्यावर लहान लहान पूल, दोन सुळक्यांचं मोठं चर्च, आणि निळ्या-पिवळ्या नक्षीच्या थाळ्यांची दुकानं. बाजारात एक म्हातारी दिसली, डोक्यावर हातभर उंच, कडक खळ केलेल्या पांढऱ्या लेसची नळकांड्यासारखी टोपी. हा तिथल्या बायकांचा जुना पोशाख. आता फक्त म्हाताऱ्या घालतात. ती टोपी सावरत बटाटे निवडत होती. आमच्या नऊवारी नेसणाऱ्या आज्या अशाच मंडईत वाकायच्या.

जेवायला मीनाने एका लहान खानावळीत नेलं. तिथे गालेत नावाचा प्रकार मिळतो. मोठ्या सपाट तव्यावर पीठ ओतून, लाकडी दांडीने गोल फिरवून पातळ करतात. सुमनने तव्याकडे एकदा पाहिलं.

"हे घावन आहे."

"घावन तांदळाचं," मी म्हटलं.

"हे कुट्टूचं आहे. उल्हासनगरला सिंधी दुकानात मिळतं, उपासाला चालतं." तिने पिठाच्या भांड्यात बोट बुडवून वास घेतला. खानावळवाली हसली आणि तिला पलीकडे बोलावून हातात दांडी दिली. सुमनचं पहिलं घावन फाटलं, दुसरं चांगलं झालं. पहिल्या लेखात मी लिहिलं होतं की सुमन त्या प्रवासात अन्नाला शिवली नाही. तिने त्या दिवशी तीन खाल्ली. मलाच ते घशाखाली उतरत नव्हतं.

ब्रेस्तच्या वाटेवर एका शेतात पुरुषभर उंचीचा दगड उभा होता. हजारो वर्षांपूर्वी कुणी, कशासाठी उभा केला, कुणाला माहीत नाही. "आपल्याकडे असता तर शेंदूर लागला असता," सुमन म्हणाली.

ब्रेस्त

ब्रेस्तबद्दल लिहिण्यासारखं थोडं आहे. मोठं बंदर. लढाईत सगळं पडलं आणि मग सगळं एकदमच बांधलं, सरळ रस्ते आणि करड्या इमारती. मला तिथे डोंबिवलीत असल्यासारखं वाटलं, फक्त गच्चीवर कपडे नव्हते. रात्रभर वारा खिडकी हलवत होता. सकाळी बोट.

उएसाँ

बोटीत सुमनला उलट्या झाल्या आणि मी तिला धरून बसलो, असं मी लिहिलं होतं. उलट्या मला झाल्या. सुमन एका हाताने माझ्या तोंडापुढे पिशवी आणि दुसऱ्या हाताने कठडा धरून समुद्राकडे बघत होती. शेवंतीची कुंडी मीनाच्या मांडीवर होती. उरलेले प्रवासी आमच्याकडे आदराने बघत होते, कारण कुंडी बघून त्यांना वाटलं, हे कुणाच्या तरी कबरीवर चालले आहेत.

उएसाँवर झाडं जवळजवळ नाहीत. गवत, खडक, दीपस्तंभ आणि वारा. घरं बुटकी, दारं-खिडक्या निळ्या. जुनं फर्निचर फुटलेल्या जहाजांच्या फळ्यांचं, कारण लाकूड तिथे समुद्रच आणून देतो. पुरुष पिढ्यान् पिढ्या जहाजांवर, त्यामुळे शेती, घर, बाजार सगळं बायकांनी चालवलेलं. लग्नाची मागणीसुद्धा पूर्वी मुलगीच घालायची, असं तेरेझआजीने सांगितलं. मेंढ्या काळ्या आणि इतक्या लहान की आपल्याकडच्या करडाएवढ्या. उन्हाळाभर बांधलेल्या असतात, शरद लागला की मोकळ्या सोडतात, आणि त्या घराघरांच्या अंगणातून फिरतात.

आजीने कुंडी पाहिली आणि मीनाने घाईघाईने खुलासा केला. आजी म्हणाली, "आणलीत ते बरं केलंत. इथे वाऱ्याने शेवंती टिकत नाही."

रात्रीच्या जेवणाला मेंढीचं मटण आणि बटाटे होते. सुमनने बटाटे घेतले. आजीने तिचं मंगळसूत्र पाहून नवऱ्याबद्दल विचारलं. मीनाने सांगितलं. मग आजीने समुद्रात गेलेल्या आपल्या वडिलांचं सांगितलं.

त्या बेटाची एक रीत होती. समुद्रात गेलेल्याचा देह मिळाला नाही, तर मेणाचा एक लहान क्रूस करायचा. तोच तो माणूस. तो घरात पांढऱ्या कापडावर ठेवायचा, रात्रभर त्याच्याजवळ बसायचं, आणि सकाळी मिरवत चर्चमध्ये न्यायचा. पुढे तो दफनभूमीतल्या एका लहानशा दगडी घुमटीत ठेवतात. आता कुणी करत नाही. आजीच्या वडिलांचं झालं तेव्हा ती लहान होती.

"तुमची आई खूप रडली असेल," सुमनने विचारायला सांगितलं.

"सकाळी रडली," आजी म्हणाली. "रात्री शेजारणी आल्या होत्या, त्यांना कॉफी द्यायची होती."

मग आजीने शाळेचं सांगितलं. ब्रेतों बोललं की मास्तर गळ्यात लाकडी बूट अडकवायचे. मीना हसत होती. सुमन हसली नाही. "आमच्या वर्गात आगरी बोलणारी पोरं आहेत," ती मला म्हणाली. "बाकीची त्यांना हसतात. मीही हसलेय, भाऊजी."

दुसऱ्या दिवशी आम्ही दफनभूमीत गेलो. ती घुमटी पाहिली. तिच्यापलीकडे काही कबरींवर नाव नव्हतं. समुद्राने आणून टाकलेली माणसं. मी मीनाला विचारायला लावलं, त्र्याऐंशीच्या हिवाळ्यातलं कुणी आहे का. आजीने एक कबर दाखवली. पुढच्या वसंतात सापडला होता. ओळखण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

मी तिथे उभा राहिलो आणि मला एकदम फार थकल्यासारखं झालं. सात वर्षांचं सगळं तिथेच खाली ठेवावंसं वाटलं. "सुमन," मी म्हटलं, "हाच असेल."

"असेल," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "नसेलही."

"अगं, काळ जुळतोय, जागा जुळतेय. आईला सांगता येईल."

"भाऊजी, हा दुसऱ्या कुणाचा मुलगा असेल तर? त्याचीही कुणीतरी वाट बघत असेल. आपण त्याला आपला म्हटलं तर त्यांना तो कधीच मिळायचा नाही."

तिने कुंडी मीनाकडून घेतली आणि त्या कबरीवर ठेवली. कुंडी पडू नये म्हणून बाजूने दगड लावले. "त्याच्या घरच्यांकडून," ती म्हणाली.

मला वाटलं, संपलं. आलो तसेच परत जाणार.

बोट दुपारची होती. सकाळी सुमनने आजीकडून वाटीभर कुट्टूचं पीठ मागून घेतलं. गालेत करणार असेल असं मला वाटलं. तिने पर्समधून एक पुडी काढली. काळे तीळ होते. डोंबिवलीहून निघतानाच ठेवले होते. तिला समुद्र दाखवून तयार करायचं म्हणून मी तिला आणली होती, आणि ती तयार होऊनच निघाली होती.

खडकावर जाऊन तिने पीठ मळलं, तीळ घातले, पिंड केला. मी म्हटलं, "हे बायकांनी करायचं नसतं. गुरुजी नाहीत, मला मंत्र येत नाहीत."

"मग तुम्ही नुसते उभे राहा. मीना, दक्षिण कुठली?"

मीनाने दीपस्तंभावरून दिशा काढून दिली. सुमनने पिंड ठेवला, पाणी सोडलं आणि हात जोडून बोलली. शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलावं तशी. "अहो, गौरी गणितात कच्ची आहे, पण होईल. आई बऱ्या आहेत. मी आता वाट बघत नाही. आलात तर या. नाही आलात तर रागावणार नाही."

मग आम्ही कावळ्याची वाट बघत बसलो. त्या दिवशी कावळा फिरकला नाही. समुद्रपक्षी होते, पांढरेशुभ्र, ते लांबून बघत राहिले. भुरभुर चालू होती. मी बोटीची काळजी करत होतो. इतक्यात खडकामागून एक काळी मेंढी आली, आमच्याकडे पाहिलं, आणि सरळ पिंडाला तोंड लावलं. मी हाकलायला उठलो.

"राहू द्या," सुमन म्हणाली. "काळी आहे ना? चालेल."

आणि ती हसली. पदर तोंडाला लावून, अंग हलेपर्यंत. मीना तिच्या खांद्यावर पडून हसत होती. तेवढ्यात आणखी दोन मेंढ्या आल्या आणि सुमनने वाटीतलं उरलेलं पीठ त्यांच्यापुढे ओतलं. सात वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मी तेव्हा हसलो नाही. मला ते बरं दिसत नाही असं वाटत होतं.

परत

बोटीवर मी तिला विचारलं, घरी काय सांगायचं.

"शोधलं, सापडले नाहीत, मी माझ्यापुरतं केलं. एवढंच सांगा. कुंकवाचं काय करायचं ते माझं मी बघेन."

मी हो म्हटलं होतं.

डोंबिवलीला पोचलो. आई पलंगावर बसून होती. "कुठे आहे रे माझा अरुण?" तिने विचारलं. आईला मेंढीचं कसं सांगणार? मी म्हटलं, "समुद्रासमोर जागा आहे, आई. दगडावर नाव आहे. मी सगळं विधिवत केलं. कावळा लगेच शिवला." आईने डोळे मिटून हात जोडले. सुमन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.

पुढचं सगळं आपोआप झालं. नातेवाईक आले, दिवस झाले. आता शंका नव्हती, त्यामुळे सुमनला काही ठरवायचंही उरलं नाही. मंगळसूत्र माझ्या आत्याने काढलं. हळदीकुंकवाला बोलवणाऱ्याही बोलवेनाशा झाल्या. फूल तिने आपण होऊनच बंद केलं. आई चार महिन्यांनी शांतपणे गेली.

आईसाठी खोटं बोललो, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. तेवढंच असतं तर आईबरोबर ते संपलं असतं. पण पुढच्या गणपतीत मी ते लिहून काढलं, आणि लेखात सुमनला रडवली, उपाशी ठेवली, बोटीत आजारी पाडली. मोठ्या भावाने धाकट्याचं सगळं नीट केलं, असं लोकांनी म्हणावं म्हणून. लोकांनी म्हटलंही. आणि ज्या अनोळखी माणसाला सुमनने त्याच्या घरच्यांसाठी ठेवलं होतं, त्याची कबर मी आमच्या नावावर करून टाकली.

परवा मी सुमनच्या घरी गेलो आणि दोघींसमोर हे सांगितलं. गौरी बराच वेळ पुडीची दोरी बोटाला गुंडाळत होती.

"मी सगळ्या मैत्रिणींना सांगितलंय, काका. माझे बाबा समुद्रासमोर झोपलेत म्हणून." मग ती सुमनकडे वळली. "आणि तुला माहीत होतं?"

"मी तिथेच होते की गं. तुझी आजी असेपर्यंत बोलायचं नाही असं ठरवलं. मग तू ते इतकं धरून बसलीस, की माझ्याने बोलवेना."

गौरी माझ्याशी बोलली नाही. अजून बोलत नाही. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

काल हा मजकूर मी सुमनला वाचायला दिला. तिने तो चष्मा पुसून पुसून वाचला. शेवटी विचारलं, "मी हसले ते घेतलंत?"

"घेतलं."

"मग द्या छापायला."

गौरी आतल्या खोलीत बॅग भरत होती. तिथूनच तिने विचारलं, "आई, मग ही माती कुठे घालू?"

"तुळशीत परत घाल," सुमन म्हणाली. "पीठ तिकडेच मिळेल, कुट्टूचं माग. जरा जास्त घे. त्या मेंढ्या एकट्या येत नाहीत."